लालबागहून केंटकीला

“पुरावा?” कॉनरॅड सरांनी विचारलं.

पाटावर उभी असलेली कॅरिसा याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने फ्रॉकच्या खिशातून आईचा फोन काढला आणि दोन्ही हातांनी सरांसमोर उंच धरला.

“तुम्हीच, सर.”

मुलं हसली. सरही हसले. त्यांना वाटलं, पोरगी गंमत करतेय. मग त्यांनी चष्मा खाली ओढून फोनमध्ये बघितलं. तिथे त्यांच्याच घरातली भिंत होती, भिंतीसमोर ते स्वतः होते आणि बोलत होते.

“द होल नाइन यार्ड्स. म्हणजे सगळंच्या सगळं, काही न राखता. हे नऊ यार्ड म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपल्या आजीची नऊवारी. लालबाग-परळच्या बायका नेसायच्या ती.”

एवढं झाल्यावर ढोलकी वाजली आणि पडद्यावर भगव्या अक्षरांत आलं : ‘इंग्रजांनी आपल्याकडून काय काय नेलं!’

“सर, अजून कसला पुरावा पाहिजे?” कॅरिसा म्हणाली. ती दहा वर्षांची होती आणि केस जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

सरांनी फोन तिच्या हातात परत दिला. मग म्हणाले, “तारीख देतो. पुढच्या शनिवारी.”

“तारी...ख!” सगळी मुलं सुरात ओरडली. हे त्यांना फार आवडायचं.

भोईवाड्यातल्या चाळीच्या क्रीडा मंडळाच्या खोलीत हा वर्ग दर शनिवारी दुपारी भरायचा. कॅरम भिंतीला टेकवून ठेवायचे, सतरंजी अंथरायची, आणि इंग्रजीतल्या एखाद्या वाक्प्रचारावर खटला चालवायचा. कॉनरॅड सर शिक्षक नव्हते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कोर्टात स्टेनो म्हणून काढली होती. साक्षीदार बोलेल ते लघुलिपीत उतरवायचं आणि नंतर टाइप करायचं. निवृत्तीनंतर त्यांनी मुलांना इंग्रजी शिकवायचं ठरवलं, तेव्हा शिकवण्याची एकच पद्धत त्यांना माहीत होती.

पाऊस धो धो पडला की इंग्रज म्हणतो, मांजरं आणि कुत्री पडतायत. का म्हणतो? एक बाजू सांगायची, पूर्वी गवताच्या छपरांवर मांजरं झोपायची, पावसात ती घसरून खाली पडायची. दुसरी बाजू विचारायची, पाऊस आल्यावर मांजर छपराच्या बाहेरच्या अंगाला कशाला झोपेल? मेलेल्या माणसाने बादलीला लाथ मारली असं का म्हणतात? आपण दिवसभर ओके ओके करतो ते कुणाचं? प्रत्येक दाव्याला एक वकील मिळायचा, प्रत्येक साक्षीदाराला पाटावर उभं राहायला लागायचं. तो काहीही म्हणाला की सर विचारायचे, पुरावा? पुरावा म्हणजे छापलेलं, तारीख असलेलं. आणि शेवटी सर जवळजवळ प्रत्येक वेळी फळ्यावर लिहायचे : ‘निकाल राखून ठेवला.’

“सर, पोरगा घरी आला की विचारते, काय शिकलास,” एक आई एकदा तक्रार घेऊन आली होती. “तर म्हणतो, माहीत नाही. म्हटलं, क्लासला जातोस कशाला मग? तर म्हणतो, कुणालाच माहीत नाही हे शिकलो.”

सरांना ही तक्रार इतकी आवडली की त्यांनी ती घरी जाऊन बायकोला, डोरिसला, दोनदा सांगितली.

वर्गाचे नियम थोडे होते, पण पक्के. त्यातला एक फितूर साक्षीदाराचा. आधी एक सांगून मग दुसरंच सांगणारा साक्षीदार फितूर. त्याने त्या दिवसापुरतं खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसायचं, आणि त्याच्या शब्दाला त्या दिवशी किंमत नाही. मुलं या बाकाला भलतीच घाबरायची.

त्या शनिवारी सर घरी आले तेव्हा डोरिस बाटल्यांमध्ये मसाला भरत होती. लालबागच्या डंकावरून ती दरवर्षी स्वतः उभी राहून तो कुटून आणायची.

“डोरिस, तो वैभव आला होता डिसेंबरात, शूटिंगला. मी काय बोललो ते तुला आठवतं?”

“तू बोललास, बोललास, बोलतच राहिलास. मी त्याला दोनदा ऑम्लेट-पाव दिला. दिवे लावून माझे पडदे तापवले त्याने. का रे?”

“नऊवारीचं काय म्हणालो?”

“ती जाईबाईची नात ना, अनुजा, ती वर्गात म्हणाली होती, ते सांगितलंस. आणि मग तुझं नेहमीचं. पुरावा नाही, पुरावा नाही.” तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. “माझ्या डोळ्यांत तिखट गेलंय, बघतोस का जरा?”

सरांनी तिच्या डोळ्यावर फुंकर घातली. त्यांना स्वतःचं वाक्य तोंडपाठ होतं. ‘माझ्या वर्गात एक मुलगी उभी राहून म्हणाली, हे नऊ यार्ड म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपल्या आजीची नऊवारी, लालबाग-परळच्या बायका नेसायच्या ती. दावा सुंदर आहे, पण त्याला पुरावा काहीच नाही.’ पुढचं आणि मागचं कापलेलं होतं. मधला तुकडा जसाच्या तसा होता.

ती केस बारा-तेरा वर्षांपूर्वीची. अनुजा तेव्हा आठवीत होती. आजीची नऊवारी अंगावर घेऊनच ती पाटावर उभी राहिली होती. विरुद्ध बाजूला लवू सावंतांचा वैभव. लवू गिरणी बंद पडल्यावर एका बिल्डिंगवर वॉचमन होते, आणि पोराला इंग्रजीचं एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. पण वकिलीत त्याचा हात कुणी धरत नव्हता. सरांनी त्याला माहिती दिली होती की शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या, केंटकीतल्या वर्तमानपत्रात हाच वाक्प्रचार ‘सहा यार्ड’ असा छापलेला सापडलाय. वैभवने ते पत्त्यातल्या एक्क्यासारखं टाकलं. “नऊ पहिल्यापासून नव्हतेच! सहा होते!”

“मग? सहावारी पण असते ना!” अनुजा ओरडली, आणि वर्गाने शिट्ट्या मारल्या.

वैभव हात कमरेवर ठेवून म्हणाला, “बरं. मग लालबागहून केंटकीला लुगडं घेऊन कोण गेलं होतं ते सांग. तुझी आजी?”

सर इतके हसले होते की डोळे पुसावे लागले. एवढ्या वर्षांत कुठल्याच मुलाने इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. दोन टोकं कितीही सारखी दिसू देत, मधला दुवा दाखव. त्या दिवशी त्यांनी वैभवला स्वतःचा फाउंटन पेन दिला.

सोमवारी ते परळला वैभवच्या व्हिडिओ कंपनीच्या ऑफिसात गेले. एका जुन्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत होती. चालता चालता ते मनात वैभवची बाजू मांडत होते. कापणारा दुसरा कुणीतरी असेल, नवीन पोरगा. वैभवने बघितलंच नसेल. त्याला ती केस आठवतही नसेल, बारा वर्षं झाली. भोईवाड्यापासून परळपर्यंत त्यांनी त्याला जवळजवळ निर्दोष सोडवलं होतं.

“सर! अहो, फोन करायचा ना, मी आलो असतो.” वैभव पाया पडायला वाकला. सर नको म्हणायचे तरी तो नेहमी वाकायचा. “ए, सरांना कॉफी. साखर कमी.”

“वैभव, माझी दोन वाक्यं कुठे गेली?”

“कुठली, सर?”

“‘एक मुलगी म्हणाली’ हे एक. आणि ‘पुरावा काहीच नाही’ हे दुसरं.”

वैभवने खुर्ची जवळ ओढली. “खरं सांगू सर? सुरुवातीलाच ‘एक मुलगी म्हणाली’ ऐकलं की माणूस पुढे सरकतो. आणि शेवटी ‘पुरावा नाही’ म्हटलं की कोण कुणाला पाठवणार? मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही, सर. सगळे शब्द तुमचे.”

“सगळे नाहीत.”

“म्हणजे तसं नाही हो—”

“ती केस आठवते तुला? अनुजाची?”

वैभवचा चेहरा एकदम उजळला. तो पुन्हा चौदा वर्षांचा दिसायला लागला. “आठवते म्हणजे काय! सहा यार्ड, केंटकी... आणि ती म्हणाली, सहावारी पण असते. सॉलिड टाकलंन होतं. मग मी विचारलं, लालबागहून केंटकीला कोण गेलं होतं? तुम्ही हसून हसून खाली बसलात. तुमचा पेन अजून आहे माझ्याकडे, सर.”

सरांनी मान हलवली. रस्ताभर रचलेला बचाव आरोपीने स्वतःच मोडून टाकला होता. कॉफी आली. त्यांनी ती समोरच ठेवली.

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“सर, ते वर्गातलं होतं. वीस पोरं होती. आता बघा, किती लोक तुमचं ऐकतायत. दादरला लोक ओळखतील तुम्हाला.”

“माझं नाही ऐकत. कोर्टात मी साक्षीदाराचं वाक्य कधी अर्धं लिहिलं नाही, वैभव. तो खोकला तर तेही लिहायचो.”

“कोर्टात लोकांना बसावंच लागतं, सर. इथे अंगठ्यावर आहे सगळं.” वैभवने आवाज खाली आणला. “तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी. खाली लिहून टाकतो, ‘अनेक मतांपैकी एक’. चालेल?”

“काढून टाक. आणि माझे बाकीचे व्हिडिओ टाकू नकोस.”

“हे काढून काय फायदा? लोकांनी केव्हाच फिरवलंय. आणि बाकीचे शेड्यूल झालेत.” तो उठला, सरांच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. “तुम्हीच शिकवलंत ना, प्रत्येक दाव्याला वकील मिळाला पाहिजे. मी नऊवारीचा वकील झालो, एवढंच.”

दाराबाहेर सोडायला तो लिफ्टपर्यंत आला. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत हात जोडून उभा होता.

त्याच संध्याकाळी पुण्याहून अनुजाचा मेसेज आला. ती आता एका प्रयोगशाळेत काम करत होती. ‘सर, व्हिडिओ पाहिला! मी शेवटी जिंकले तर! दुवा कुठे सापडला? तुम्ही म्हणताय म्हणजे पुरावा मिळालाच असणार.’ सरांनी उत्तर लिहायला सुरुवात केली, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी फोन पालथा ठेवला.

मंगळवारी तिची आजीच दारात आली. जाईबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या, एका कानाने ऐकू येत नव्हतं, आणि अजून नऊवारीतच असायच्या. त्यांच्यासोबत मंडळाचा सेक्रेटरी यशोधन होता.

“शुक्रवारी मराठी भाषा दिन आहे, सर,” यशोधन म्हणाला. “तुमचा सत्कार ठेवलाय. वैभवदादा प्रमुख पाहुणे. आणि जाईआजी स्टेजवर, मानाची नऊवारी म्हणून.”

“काय ओ सर,” जाईबाई म्हणाल्या, “माझा लुगडा थेट साहेबाच्या तोंडात घातलात! गावाक फोन करून सांगितलंय सगळ्यांका. भाऊ म्हणता, खोटा असतला. मी म्हटलंय, मेल्या, कॉनरॅड सर खोटा बोलूचे नाय.”

डोरिसने त्यांना आत बसवलं आणि सरांना स्वयंपाकघरात ओढलं. “जा. शाल घालतील, नारळ देतील, घरी ये. नाही गेलास तर काय म्हणतील ठाऊक आहे ना? मराठीचा सत्कार, म्हणून पाववाला आला नाही.”

“मी तिथे खरं सांगणार.”

“सांग. पण त्या म्हातारीकडे बघून सांग.”

शुक्रवारी दुपारी सर खुर्चीत बसून एक वाक्य घडवत होते. शंका शेवटी ठेवली की कापता येते, सुरुवातीला ठेवली तरी कापता येते. म्हणून त्यांनी ती पोटात घातली. ‘कसलाही पुरावा नसलेला नऊवारीचा हा दावा मी कधीही खरा मानलेला नाही.’ कुठूनही तोडलं तरी नकार उरेल. त्यांनी ते वाक्य लघुलिपीत डोक्यात काढून बघितलं. भक्कम होतं.

चाळीच्या पटांगणात मांडव होता. जाईबाई स्टेजच्या मधोमध, डोक्यावरचा पदर सारखा नीट करत बसल्या होत्या. वैभव शूटिंगसाठी स्टेजवरून उतरून पहिल्या रांगेत फोन घेऊन बसला होता.

“कॉनरॅड सर,” यशोधन माइकवर म्हणाला, “ख्रिश्चन असूनसुद्धा मराठीचा केवढा हा अभिमान!”

टाळ्या झाल्या. ‘असूनसुद्धा’ हा शब्द सरांनी सवयीने टिपला. त्यांच्या आजोबांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. प्रार्थनासुद्धा ते मराठीतच म्हणायचे. सर उठले आणि माइकसमोर उभे राहिले.

“कसलाही पुरावा नसलेला नऊवारीचा—”

नऊवारी हा शब्द बाहेर पडला आणि पटांगण उसळलं. शिट्ट्या झाल्या, कोपऱ्यातल्या पोरांनी ताशा वाजवला. सरांनी हात वर करून थांबायला सांगितलं. लोकांना वाटलं, ते अभिवादन करतायत. आवाज आणखी वाढला.

“हा दावा मी—”

यशोधनने शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. कुणीतरी हातात नारळ दिला. आणि जाईबाई खुर्चीतून उठल्या, हळूहळू चालत आल्या आणि त्यांनी सरांचा मोकळा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता. त्या नुसत्या बघत होत्या.

आवाज खाली बसला. माइक चालू होता. सगळे ऐकायला थांबले होते. आता कापायला कुणी नव्हतं.

सरांनी वैभवकडे बघितलं. त्या पटांगणात फक्त त्यालाच कळलं होतं की वाक्य संपलेलं नाही. त्याने फोन किंचित खाली घेतला होता आणि तो वाट बघत होता.

“धन्यवाद,” सर म्हणाले.

वैभवने फोन पुन्हा वर घेतला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मुलांनी सतरंजी अंथरून ठेवली होती. सकाळीच नवा व्हिडिओ आला होता. त्यात शाल होती, ताशा होता, जाईबाईंचे हात होते आणि ‘नऊवारीचा’ हा एक शब्द होता. कॅरिसा आज दोन वेण्या घालून, रिबिनी लावून आली होती.

सर आत आले, पण न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसले नाहीत. “या खटल्यात मी साक्षीदार आहे,” ते म्हणाले. “साक्षीदाराला न्याय करता येत नाही. गौतम, तू बस.”

गौतम, वर्गातला सगळ्यात गप्प मुलगा, खुर्चीच्या टोकावर बसला. सर पाटावर चढले. पाट करकरला. मुलं खुसखुसली. सरांना असं उभं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

कॅरिसाने घसा साफ केला. “साक्षीदाराने नाव सांगावं.”

“कॉनरॅड परेरा.”

“पहिल्या व्हिडिओत तुम्ही काय म्हणालात?”

“नऊ यार्ड म्हणजे नऊवारी, असं त्यात ऐकू येतं. त्याच्या पुढचं मागचं वाक्य कापलेलं आहे.”

“कापलं त्याचा पुरावा?”

डोरिसला आठवत होतं, पण डोरिसच्या डोळ्यांत तेव्हा पडद्यांचीच काळजी होती. वैभवला माहीत होतं. “छापलेलं, तारीख असलेलं काही नाही,” ते म्हणाले.

कॅरिसाने मान डोलावली. “आणि काल? काल तर कुणी कापलं नाही. आम्ही सगळे होतो तिकडे.”

“काल मी वाक्य सुरू केलं होतं.”

“पूर्ण केलं?”

“नाही.”

“का?”

बाहेर कुणीतरी मसाल्याची टोपली घेऊन शिंकत शिंकत जिना उतरत होतं. या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात बसवायचा त्यांनी प्रयत्न केला. ते बसलं नाही.

“आणि आज काय म्हणताय?” कॅरिसाने मोठ्या मनाने पुढचा प्रश्न घेतला.

“नऊवारीच्या दाव्याला पुरावा नाही. कधीच नव्हता.”

कॅरिसा गौतमकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, खोडीही नव्हती. ती फक्त शिकवलेलं बरोबर म्हणून दाखवत होती. “मायलॉर्ड, साक्षीदार आधी एक म्हणाला, आता दुसरंच म्हणतोय.”

गौतम गडबडला. त्याने सरांकडे बघितलं.

“नियमाप्रमाणे सांग,” सर म्हणाले.

“फितूर,” गौतम म्हणाला. इतक्या हळू, की मागच्या मुलांनी ‘काय, काय?’ विचारलं.

फळ्यावर निकाल लिहायचं काम पहिल्यापासून सरांचं होतं. ते पाटावरून उतरले, त्यांनी खडू घेतला आणि लिहिलं : ‘साक्षीदार कॉनरॅड परेरा फितूर.’ अक्षर नेहमीसारखंच एकसारखं होतं. खाली त्यांनी तारीख टाकली. हात झटकून ते खिडकीजवळ गेले आणि लहान मुलांच्या त्या बाकावर गुडघे जवळ घेऊन बसले.

मग कॅरिसा म्हणाली, “पुढची केस.”

“पुढची केस,” गौतम म्हणाला. “ओके. हा शब्द कुणाचा?” मग सवयीने त्याने खिडकीकडे बघितलं. “बरोबर ना, सर?”

सरांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती.